गावपळणीच्या तीन रात्री: कुमारांसाठी लोकभयकथा लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी डोंबिवलीत वाढलेली, मूळ गाव सिंधुदुर्गातलं. तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी ती कादंबरी लिहिते आहे. गावपळणीत रिकामं झालेलं गाव, चार वर्षांपूर्वीच्या पळणीत नाहीसा झालेला चुलतभाऊ आणि त्याचा माग काढणारी पंधरा वर्षांची मुलगी. पहिल्याच प्रकरणात हडळ दिसते, आणि शेवटी कळतं की हे सगळं खाणीच्या दलालाने लोकांना घाबरवायला रचलेलं सोंग होतं. ज्यांनी मसुदा वाचला त्यांना भीती वाटली नाही आणि शेवटही पटला नाही. तेव्हा भूत खरं ठेवावं की खोटं, या वयाच्या मुलांना किती घाबरवावं, मालवणी किती वापरावी, आणि पुढे मालिका करावी का?

कुमारांसाठीच्या संहितांवर संपादक म्हणून काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. तुमच्या आराखड्यातली सगळ्यात दमदार गोष्ट तुम्ही मागीलदारी ठेवली आहे आणि हडळीला मात्र ओटीवर बसवलं आहे. दमदार गोष्ट म्हणजे गावपळणच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण सगळ्यात माहितीतली. श्री देव रामेश्वराचा कौल होतो आणि ठरल्या दिवशी सगळं गाव वेशीबाहेर पडतं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा बरोबर. तीन दिवस आणि तीन रात्री राहुट्यांमध्ये काढायच्या. मग पुन्हा कौल, आणि देवाने हुकूम दिला की गाव परत भरतं. हे साधारण चार वर्षांनी एकदा येतं. का, याची कारणं विचाराल तेवढी मिळतात: कोणी रोगराई सांगतं, कोणी गावाला मोकळा श्वास, आणि रात्री गजालींना, म्हणजे गप्पांना, रंग चढला की कोणीतरी सांगतंच की त्या तीन रात्री गाव त्यांचं असतं.

आता मजा अशी, की वेशीबाहेर कोणीही घाबरलेलं नसतं. भजनं, फुगड्या, पत्ते, व्हाळात, म्हणजे ओढ्यात, कुर्ल्या पकडणं. मुंबईहून चाकरमानी मुद्दाम रजा काढून येतात. पोरांना तर घरी परतायचंच नसतं. तुमच्या मसुद्यात मात्र पहिल्या पानापासून सगळे दबक्या आवाजात बोलतात. हे गाव कोकणातलं वाटतच नाही, टीव्हीवरच्या मालिकेतलं वाटतं. लोकभयकथेत भीती आनंदाच्या पोटातून वर यावी लागते. ज्या रीतीवर मुलीचं प्रेम आहे, जी तिला डोंबिवलीच्या दोन खोल्यांतून सोडवून मोकळ्यावर आणते, तीच रीत हळूहळू तिच्यासमोर वेगळी दिसू लागली पाहिजे.

माझं म्हणणं एवढंच आहे: या प्रकारच्या कादंबरीत भुतापेक्षा रीत भीतिदायक असते. बाकीचं जे सांगणार आहे ते याच्याच पोटात येतं.

इंग्लंडात १९६०-७०च्या सुमारास या प्रकारचे चित्रपट आले, त्यांतून एक साचा पक्का झाला. त्यात बाहेरचा माणूस गावात येतो आणि गाव त्याला गिळतं. आपल्याकडे तो साचा जसाच्या तसा बसत नाही, कारण आपला चाकरमानी पूर्ण बाहेरचा कधीच नसतो. तुमच्या नायिकेच्या घराला गावात मान आहे, पालखीला खांदा आहे, बंद घराची किल्ली आहे, सात-बाऱ्यावर आजोबांचं नाव आहे. ती पाहुणी नाही, भागीदार आहे. म्हणून गावाने जे केलं त्यात तिचाही वाटा निघतो. या वयाच्या वाचकाला हे फार जवळून कळतं. घरच्यांनी आपल्याला विचारल्याशिवाय आपल्या नावाने केलेल्या गोष्टी निस्तरायचं तेच तर वय.

आता दलाल. त्याला काढा. जमिनीचा प्रश्न खोटा आहे म्हणून नाही. दोडामार्गच्या कळण्यातली लोहखनिजाची खाण, रिफायनरीवरून २०२३ मध्ये पेटलेलं राजापूरचं बारसू, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अडचण कथेची आहे. मुखवट्याखालून परका माणूस निघाला की गाव सुटतं, आजी सुटते, लाडका काका सुटतो. वाचक दोनशे पानं ज्या माणसांबरोबर राहिला ती सगळी निर्दोष ठरतात, आणि दोष अशा एकाला लागतो ज्याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. शेवट पटत नाही तो याच कारणाने.

त्याऐवजी मी काय करून बघेन ते सांगतो. आवडलं तर घ्या.

चार वर्षांपूर्वीच्या पळणीत चुलतभाऊ नाहीसा झाला नाही. त्याला फुरसं चावलं. फुरसं कोकणच्या सड्यावर, दगडधोंड्यांत पावलोपावली असतं, आणि राहुटीसाठी दगड उचलणाऱ्या पोराच्या हाताला ते डसणं अगदी सहज घडण्यासारखं आहे. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, हिरड्यांतून, लघवीतून रक्त जायला लागतं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. आणि फुरशाच्या दंशाने माणूस गेलाच, तर बहुतेक वेळा तासाभरात जात नाही, दिवस लागतात. म्हणजे वेळ होता. हे नायिकेला पुस्तकाच्या मध्यावर कळलं पाहिजे, डॉक्टरांच्या तोंडून, अगदी कोरड्या आवाजात.

मग नेलं का नाही? राहुट्या खाडीच्या अंगाला, आणि मोठ्या रस्त्याला लागायचं तर वाट गावातूनच जाते. पळणीत वेस ओलांडायची नाही. दुसऱ्या रात्री देवाला विचारलं. कौल लागला तो नकाराचा. पोरगा राहुटीत दोन दिवस होता. सगळ्यांना माहीत होतं. नंतर गावाने एक वाक्य तयार केलं आणि चार वर्षं तेच वापरलं: राखणदारान नेल्यान. राखणदार म्हणजे गावाची, राईची राखण करणारा देव.

अर्थात हे तुमच्या काल्पनिक गावात. खऱ्या कुठल्याही गावाचं नाव घालू नका. आचऱ्यासारख्या गावात ही रीत आजही लोक हौसेने पाळतात, आणि त्यांच्या माथी असलं काही मारणं बरोबर नाही. गावाला नाव नवं द्या, खाडी तुमची, देवही तुमचा.

इथे कौल नीट दाखवावा लागेल, कारण तुमचं सगळं रहस्य त्याच्यावर तोललेलं राहील. पाषाणावर ठरलेल्या जागी ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावतात, गाऱ्हाणं घालतात आणि वाट बघतात. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. जागा आणि अर्थ गावागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या गावाचा नियम एकदा ठरवून टाका आणि शेवटपर्यंत मोडू नका. त्या रात्री उजवी कळी पडलीच नाही. का? तिला फणसाचा चीक लावला होता.

चीक हा मला आवडलेला धागा आहे, कारण तो वाचकाच्या नाकासमोर ठेवता येतो. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात काकी कुयरी, म्हणजे कोवळा फणस, चिरायला बसते, आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोळते. नायिका न चोळता हात घालते, बोटं चिकटतात, मोबाइलचा पडदा बरबटतो, पाण्याने काही निघत नाही, सगळे हसतात. विनोदी प्रसंग, वाचक पुढे जातो. मग दीडशे पानांनी गुरवाची मुलगी, जी नायिकेच्याच वयाची, सहज सांगते: त्या पहाटे पाषाण धुवायला तिला पाठवलं होतं आणि एक कळी काही केल्या सुटेना, नखाने खरवडावी लागली, शेवटी तेल लावलं. तिला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता. दोघींपैकी एकीकडे चिकाची माहिती नवी आहे आणि दुसरीकडे कळीची आठवण जुनी आहे. दोन्ही एका ओट्यावर आल्याशिवाय गुन्हा उकलत नाही. रहस्यकथेत खुणा अशा पेराव्यात. तुमच्या मसुद्यात नायिकेला जुनी वही सापडते आणि वहीत सगळं लिहिलेलं असतं. वही नको. वही म्हणजे लेखकाने चावी दाराला लावून ठेवणं.

चीक कोणी लावला? ज्याला त्या रात्री गावात कोणी यायला नको होतं त्याने. गाव तीन रात्री रिकामं, कुत्रंही भुंकायला नाही. देवराईतले किंजळ, ऐन आडवे करून ट्रक भरायला याहून चांगला मुहूर्त कुठला? पोराला घेऊन गाडी गावातून गेली असती तर दिवे दिसले असते. त्या माणसाला पोराचा जीव घ्यायचा नव्हता, त्याला फक्त दोन तास हवे होते. तो मानकऱ्यांपैकीच असू द्या, आणि नायिकेला या गावात सगळ्यात जास्त माया लावणारा असू द्या.

देवराईत मग तिला दिसेल काय? इथे घाई करू नका, दोन-तीन पानं द्या. गारंबीची वेल, मांडीएवढी जाड, हातभर लांब शेंगांची, वरून लोंबते आहे आणि ज्या झाडावर ती चढली होती ते झाडच नाही. ऐनाच्या बुंध्याला डोक्याएवढे फुटवे आलेले. सातवीण तेवढी उभी, कारण तिचं लाकूड हलकं, तिला भाव नाही. मुलीला झाडांची नावं माहीत नसतील तर गुरवाच्या मुलीला असतील. कोणतं झाड गेलं आणि कोणतं राहिलं, यावरूनच कळतं की हे वादळाचं काम नाही, ज्याला लाकडाचा भाव माहीत आहे त्याचं आहे.

भूत खरं की खोटं, याचं उत्तर आता देता येतं. पुस्तकात तीन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणांहून आली पाहिजेत. हे कोणी केलं? माणसाने. इतकी वर्षं चालू कसं दिलं? गावाने. आणि देवराईत राहतो तो कोण? याचं उत्तर पुस्तकाने देऊ नये, पण तो आहे यावर शंकाही घेऊ नये. तुम्ही तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिलंत, म्हणून शेवट फुसका झाला. उलटही करू नका, म्हणजे खून राखणदाराने केला असं. मग शोध घेण्यात अर्थच उरत नाही, पुरावा कशाचा गोळा करायचा?

राखणदार दाखवायचा कसा, तर त्याच्या नसण्यातून. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, आणि देव रात्री गावभर फिरतो म्हणून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. हाच धागा तुमच्या देवाला लावा, आपल्या पद्धतीने. नायिका देवळीत वहाणांच्या जोड्या बघते. जुन्या सगळ्या टाचेकडे झिजलेल्या, चिखल सुकलेला. गेल्या चार वर्षांतल्या जोड्या मात्र कोऱ्या, तळ तसाच पिवळा. म्हणजे राई तोडली त्या रात्रीपासून तो फिरतच नाही. करार गावाने मोडला, तो उठून गेला. मग चार वर्षं गावाची राखण कोण करतंय, आणि या पळणीत रिकाम्या गावात नक्की कोण शिरलंय? माझ्या अंगावर हे लिहितानाच काटा आला, आणि मी सहजासहजी घाबरणारा वाचक नाही.

हडळीबद्दल दोन शब्द. कोकणातल्या भुतांची एक मोठी यादी १९१५ साली एन्थोवेन यांनी छापलेल्या लोकसमजुतींच्या संग्रहात आहे. त्यातली सामग्री ए. एम. टी. जॅक्सन यांनी जमवली होती. होय, तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना २१ डिसेंबर १९०९ला अनंत कान्हेरे यांनी नाट्यगृहात गोळी घातली. माहिती पुरवली ती बहुतेक गावोगावच्या शाळामास्तरांनी. ती यादी नुसती दचकवण्यासाठी वाचू नका, जरा शांतपणे वाचा. बाळंतपणात गेलेली बाई. लग्नाआधी गेलेला मुलगा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला, तो मुंजा. मेलेल्याची जातसुद्धा भुताच्या नावात उतरलेली. ज्यांची सोय समाजाने जिवंतपणी लावली नाही, किंवा लावायची राहून गेली, त्यांची ती नोंद आहे. उलट्या पायांची बाई अचानक समोर आणून पंधरा वर्षांच्या मुलीला घाबरवणं सोपं आहे, पण ती बाई बाळंतपणात मेली होती हे त्या मुलीला कळलं तर ती घाबरणार नाही, चिडेल. आणि मुंजा तर तुमच्या वाचकाच्याच वयाचा, धड लहान नाही धड मोठा नाही असा अडकलेला. भूत ठेवायचंच हट्टाने तर मी हडळ सोडून मुंज्याकडे वळेन.

पहिल्या प्रकरणाचं उदाहरण घेऊ. तुमचं असं आहे:

«अमावस्येची काळीकुट्ट रात्र होती. दूरवर कोल्हेकुई ऐकू येत होती. अचानक तिच्यासमोर पांढऱ्या साडीतली एक बाई उभी राहिली. तिचे पाय उलटे होते.»

मी काहीसं असं करेन:

«भजन रंगात आलं होतं. व्हाळापलीकडे गाव काळं होतं. काकी पत्रावळी मांडत होती. सव्वीस झाल्या. मग तिने आणखी एक काढली, तिच्यावर भात वाढला, वर कढी घातली. "ही कोणाची?" मी विचारलं. काकीने पत्रावळ उचलली आणि व्हाळाच्या काठी गावाकडे तोंड करून ठेवून आली. "गेल्या टायमाक आमी सत्तावीस होतो," माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.»

कोल्हा नाही, अमावस्या नाही, तरी वाचक पान उलटतो, कारण त्याला सत्ताविसावा कोण ते हवं आहे. रहस्य आणि भय एकाच पत्रावळीवर वाढलं गेलं.

किती घाबरवावं? या वयाच्या वाचकापासून मृत्यू लपवू नका, त्यांना ते आवडत नाही आणि फसतही नाहीत. मी फक्त दोन गोष्टी पाळतो. मुलाच्या शरीराचे हाल रंगवून सांगायचे नाहीत. राहुटीतल्या त्या दोन दिवसांबद्दल बाहेरून ऐकू आलेलं एवढंच पुरे. आणि नायिकेच्या हातात काहीतरी करण्यासारखं नेहमी असलं पाहिजे, चूक का असेना. नुसती पळणारी, किंचाळणारी मुलगी मुलांना कंटाळा आणते. शिवाय मोबाइलची रेंज घालवू नका. सगळे घालवतात. फोन लागू द्या. ती काकाला फोन करते, तो उचलतो, शांतपणे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, "बाय, रितीप्रमाणा होवंदे." रेंज नसण्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

भगताला तुम्ही तारणहार केलं आहे, तो मात्र पूर्ण काढायला हवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. म्हणजे तुमच्या गोष्टीतला गुन्हा आणि हा कायदा एकमेकांना थेट भिडतात. गावातल्या कोणीतरी, शाळेतल्या बाईंनी म्हणा, हे त्या रात्री मोठ्याने म्हटलं होतं आणि त्यांना गप्प बसवलं होतं, असा एक प्रसंग ठेवा. राखणदार खरा मानणारं पुस्तक भगताला खोटा मानू शकतं, त्यात विसंगती काही नाही. देव मानणारे आणि बुवा न मानणारे लोक गावोगाव आहेत.

एक खूण फुकट देतो, कारण ती मला स्वतःला वापरायला मिळालेली नाही. कायद्याच्या नजरेत देवता ही व्यक्ती मानली जाते, तिच्या नावावर जमीन असते, आणि तिला अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलासारखं, धरलं जातं. तिच्या वतीने कारभार दुसरा कोणीतरी बघतो. अज्ञान मुलांच्या नावापुढे सात-बाऱ्यावर अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, असं लिहिलेलं असतं. नायिकेच्या वडिलांच्या पश्चात तिच्याही नावापुढे ते असू शकतं, आणि पालनकर्ता तोच काका. देवराईचा वहिवाटदारही तोच. दोन उतारे मोबाइलवर शेजारी शेजारी उघडले की तिला दिसतं, की ती आणि देव दोघंही एकाच माणसाच्या हातात आहेत. पुढचं मी लिहीत नाही, तुमचं पुस्तक आहे.

मालवणीबद्दल: निवेदन प्रमाण मराठीत, संवाद गावच्या माणसांचे मालवणीत. नायिकेला ती समजते पण बोलता येत नाही, हे बहुतेक चाकरमान्यांच्या पोरांचं खरं आहे. विदर्भातल्या वाचकाला वाक्य संदर्भाने कळलं पाहिजे, तळटीपा नकोत. गाऱ्हाणं मात्र पूर्ण मालवणीत, न तोडता, एक पानभर येऊ द्या. "बा देवा म्हाराजा" पासून सुरू होऊन प्रत्येक मागणीनंतर सगळ्यांचं "व्हय म्हाराजा." पहिल्या वेळी वाचकाला ते गोड वाटेल. दुसऱ्या वेळी, जेव्हा त्याला कळलेलं असेल की कशाकशाला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं, तेव्हा एकही शब्द न बदलता तेच पान छापा.

मालिकेचं म्हणाल तर नको. पळण चार वर्षांनी येते, तोवर तुमची नायिका एकोणीस वर्षांची होऊन सज्ञान झालेली असेल, अ.पा.क. गळून पडलेलं असेल, आणि ती कुमारांची गोष्ट राहणार नाही. एकच पुस्तक करा, पन्नास-साठ हजार शब्दांत बसवा. सुरुवात पुन्हा लिहिताना गाव आणि राहुट्यांचा नकाशा आधी कागदावर काढून घ्या: व्हाळ कुठे, वेस कुठे, गाडी कुठून निघाली असती. सगळा गुन्हा त्या रस्त्यावर आहे, आणि सध्याच्या मसुद्यात तो रस्ता दर प्रकरणात जागा बदलतो.